काच, फिल्म, चकती: टीएलडी बॅजची कुळकथा

वऱ्हाडातल्या कामरगावला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या ठरलेल्या नमुन्याप्रमाणे अशी रुग्णालयं ३० खाटांची असतात आणि त्यांत एक्स-रेची खोली बहुधा इमारतीच्या एका टोकाला काढलेली असते. दारावर पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचं काळं चिन्ह, वर लाल दिवा, शेजारी गरोदर बाईनं आधी सांगावं अशी सूचना. कारंजा तालुक्यातल्या खेड्यांतून येणारा माणूस अशा खोलीत ‘फोटो काढायला’ येतो. कुणी मोटारसायकलवरून पडलेला, कुणाचा हात मळणीयंत्रात सापडलेला, कुणाला दोन महिने खोकला म्हणून क्षयाच्या तपासणीला धाडलेलं. त्याचं काम दहा मिनिटांत आटोपतं. खोलीत वर्षानुवर्षं राहतो तो तंत्रज्ञ. दप्तरात त्याचं पद ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’, वॉर्डात मात्र ‘एक्स-रेवाले सर’ किंवा ‘एक्स-रेवाल्या मॅडम’. त्यांच्या छातीवर चिमट्यानं अडकवलेली प्लॅस्टिकची एक चपटी डबी असते. रुग्णांना ते ओळखपत्र वाटतं. तो असतो टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर), म्हणजे अंगावर आलेले किरण मोजणारा बॅज. तालुक्याचा दवाखाना असो की परळचं टाटा रुग्णालय, डबी बहुतेक एकाच घडणीची.

ती उघडली की आत कागदात गुंडाळलेलं कार्ड निघतं. कागदावर नाव, क्रमांक, संस्था आणि कुठल्या तिमाहीचा बॅज ते लिहिलेलं. कार्ड निकेलचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं, साधारण ५२ मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद. उलटं बसू नये म्हणून त्याला खाच ठेवलेली. कार्डात तीन गोल भोकं आणि प्रत्येक भोकात एक पांढरट चकती, १३ मिलिमीटर व्यासाची, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. चकती टेफ्लॉनची, म्हणजे नॉन-स्टिक तव्यावर असतं त्याचीच. त्यात कालवलेली बारीक भुकटी आहे कॅल्शियम सल्फेटची. हाच पदार्थ शेजारच्या खोलीतही सापडेल: मोडलेल्या हाडाला जे प्लास्टर घालतात ते प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे थोडा पाण्याचा अंश असलेलं कॅल्शियम सल्फेट. बॅजमधलं मात्र पूर्ण कोरडं, आणि त्यात डिस्प्रोशियम नावाचं दुर्मिळ मूलद्रव्य दोन हजारांत एक या प्रमाणात मिसळलेलं.

ही डबी किरण अडवत नाही. बॅज लावला की आपण सुरक्षित, असं काही रुग्णालयांत अजून मानतात, तो गैरसमज आहे. अडवायचं काम शिशाच्या अ‍ॅप्रनचं, भिंतीचं, अंतराचं. बॅज फक्त नोंद ठेवतो. पण ही नोंद ठेवायला शिकण्यापूर्वी माणसांनी फार मोठी किंमत मोजली आहे, आणि ती मोजणाऱ्यांत बहुतेक जण रुग्णालयांत आणि कारखान्यांत काम करणारेच होते.

विल्हेल्म रोंटजेन यांना वुर्झबर्गमध्ये ८ नोव्हेंबर १८९५ ला हे किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी अ‍ॅना बेर्था यांचा हात काचेच्या प्लेटवर ठेवून त्याचं चित्र घेतलं. हाडं आणि बोटातली अंगठी, दोन्ही त्यात दिसली. पुढे जगभर जे जे या यंत्रामागे लागले त्यांनी हात पुढे करायचं सोडलं नाही. त्या काळच्या नळ्या लहरी असत. आज किरण मऊ, म्हणजे कमी भेदक, उद्या कडक. नळी कशी चालली आहे ते पाहायला तंत्रज्ञ चमकणाऱ्या पडद्यासमोर स्वतःचा पंजा धरी आणि हाडं कशी उमटतात त्यावरून अंदाज बांधी. असं प्रत्येक रुग्णाआधी, दिवसातून कितीतरी वेळा. माणसाचा हात हेच पहिलं मापनयंत्र.

एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली हे काच फुंकणारे सहायक नळ्यांची चाचणी घेत. आधी केस गेले, मग हातावर जखमा झाल्या, त्या भरेनात. एक हात चालेना तेव्हा ते दुसरा पुढे करीत. शेवटी दोन्ही हात कापावे लागले आणि ऑक्टोबर १९०४ मध्ये, चाळिशीच्या आत, ते गेले. एडिसन यांनी एक्स-रेचं काम सोडून दिलं. फिलाडेल्फियाचे डॉ. मिहरान कसाबियन यांनी आपल्याच हातांचे फोटो काढून ठेवले, बोटं झडत गेली तशी त्यांची नोंद केली. १९१० मध्ये तेही गेले. डॉक्टरनं स्वतःच्या शरीराचा केसपेपर असा लिहावा, याइतकं प्रामाणिक वैद्यकीय लेखन फार थोडं असेल.

मापाचं एककही कातडीवरूनच घेतलेलं होतं. किती किरण दिले? तर कातडी लाल होईल इतके. व्हिएन्नाचे गुइडो होल्झक्नेख्ट यांनी १९०२ मध्ये रंग बदलणाऱ्या क्षारांचा मापक काढला. १९०४ मध्ये पॅरिसच्या साबूरो आणि न्वारे यांनी छोट्या गोळ्या काढल्या, किरण लागले की हिरव्याच्या तपकिरी होणाऱ्या. ही सगळी मापं रुग्णासाठी होती, उपचाराची मात्रा चुकू नये म्हणून. यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाला किती लागले हे मोजावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. होल्झक्नेख्ट स्वतः १९३१ मध्ये किरणांच्या इजांनीच गेले.

तो विचार पहिल्यांदा केला एका नळ्या बनवणाऱ्यानं. शिकागोचे रोम वॅग्नर एक्स-रेच्या नळ्यांचा धंदा करीत. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या रोंटजेन संस्थेच्या सभेत त्यांनी सांगितलं की आपण खिशात एक फोटोची प्लेट बाळगतो आणि रोज संध्याकाळी ती धुऊन पाहतो. प्लेट काळी पडली असेल तर त्या दिवशी किरण अंगावर आले. इतकी साधी गोष्ट. बेकेरेल यांना १८९६ मध्ये युरेनियमचे किरण असेच सापडले होते, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली प्लेट काळी पडली म्हणून. पण तेच ज्ञान स्वतःच्या खिशात घालून फिरण्याची युक्ती वॅग्नर यांची. माझ्या लेखी आजच्या बॅजचे मूळपुरुष तेच. त्यांना स्वतःला तिचा उपयोग झाला नाही. शरीरात आधीच जे शिरलं होतं त्यानं पुढच्याच वर्षी, कर्करोगानं, त्यांना नेलं.

हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ च्या एप्रिलमध्ये एक दगडी स्तंभ उभा राहिला. एक्स-रे आणि रेडियमच्या कामात प्राण गेलेल्या डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिका, भौतिकशास्त्रज्ञ अशा १६९ जणांची नावं त्यावर कोरली. पुढे नावं वाढत गेली. यांतले बहुतेक एका झटक्यात भाजून मेलेले नव्हते. थोडं थोडं, रोज, वर्षानुवर्षं लागत गेलं होतं.

‘थोडं’ म्हणजे किती हे ठरवायचा पहिला नेटका प्रयत्न आर्थर मुट्शेलर यांनी केला. १९२५ मध्ये त्यांनी सुचवलं की कातडी लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा भाग, महिन्याभरात, इतकं माणूस सोसू शकेल. १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत रोंटजेन हे एकक ठरलं आणि किरणांपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. याच समितीनं १९३४ मध्ये मर्यादा घातली दिवसाला ०.२ रोंटजेन. आजच्या भाषेत वर्षाचे ५०० मिलिसिव्हर्टच्या वर. आज भारतात कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे सरासरी वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात फार तर ३०, अशी मर्यादा आहे. नव्वद वर्षांत ती पंचवीसपटीहून खाली आली. प्रत्येक वेळी ती खाली आणायला कुणाच्या तरी आजारपणाचा हिशेब कारणी लागला आहे.

प्लेटची जागा फिल्मनं घेतली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात एडिथ क्विम्बी यांनी १९२० च्या दशकात फिल्मच्या पाकिटावर धातूचे पापुद्रे लावून पाहिले. कारण असं की फिल्ममधली चांदी मऊ किरणांना शरीराच्या मानानं फार जास्त दाद देते. नुसत्या काळेपणावरून मात्रा काढली तर ती फुगलेली निघते. पापुद्र्याखालचा आणि उघडा, असे दोन काळेपणा ताडून पाहिले की किरण कडक होते की मऊ ते कळतं. अणुबाँबच्या प्रकल्पात शिकागोला अर्नेस्ट वोलन यांनी याच फिल्मवर कॅडमियमचं झाकण बसवून ती हजारो कामगारांच्या छातीवर चढवली. तिथून ती जगभरच्या रुग्णालयांत गेली.

आपल्याकडे या कथेची सुरुवात परळला होते. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. तिथे मादाम क्यूरींच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले भौतिकशास्त्रज्ञ रामय्या नायडू यांनी रेडॉन काढण्याची यंत्रणा उभी केली. रुग्णाला किती किरण द्यायचे हे मोजणारा, डॉक्टर नसलेला माणूस रुग्णालयात लागतो, हे आपल्याकडे तिथून रुजलं. ३ जानेवारी १९५४ ला तुर्भ्याला अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली, तिलाच १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात. कामगारांसाठी फिल्म बॅजची सेवा पन्नाशीच्या दशकातच सुरू झाली आणि अणुभट्टीच्या कुंपणाबाहेर, देशभरच्या रुग्णालयांपर्यंत गेली.

फिल्मला मात्र आपली हवा मानवत नव्हती. उष्णतेनं आणि दमटपणानं तिच्यावरची न धुतलेली छाप विरते किंवा सगळी फिल्मच धुरकटते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टपालाची थैली उन्हात पडून राहते. मुंबईत पावसाळाभर भिंतींना ओल. अशा फिल्मवरून काढलेला आकडा कामगाराला कमी लागले असं सांगतो की जास्त, याची खात्री कुणी द्यायची? शिवाय फिल्म परदेशातून आणायची. तेव्हा तुर्भ्याची मंडळी शोधात होती ती उन्हापावसाला न डगमगणाऱ्या वस्तूच्या.

या वस्तूचं कूळ फिल्मपेक्षाही जुनं निघतं. २८ ऑक्टोबर १६६३ ला रॉबर्ट बॉइल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका हिऱ्याची हकिकत सांगितली. तो हिरा अंधारात, अंथरुणात अंगाशी धरून ऊब दिली की मंद उजळत असे. काही खनिजं तापवली की अशी चमकतात, आणि एकदा चमकून गेली की पुन्हा कितीही तापवा, चमकत नाहीत. मेरी क्यूरी यांनी १९०३ च्या आपल्या प्रबंधात पुढचा दुवा नोंदवला: फ्लुओराइटची विझलेली चमक रेडियमजवळ ठेवलं की परत येते. दगड रिकामा होतो आणि किरण त्याला पुन्हा भरतात.

असं का होतं, ते बऱ्याच वर्षांनी नीट कळलं. स्फटिकात अणूंची रांग कुठे कुठे चुकलेली असते, कुठे परका अणू शिरलेला असतो. किरण आले की इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि अशा चुकलेल्या जागी अडकून बसतात. खोलीच्या तापमानाला महिनोन्महिने तसेच. पुरेशी उष्णता दिली की ते सुटतात, आपल्या जागी परततात आणि परतताना उरलेली ऊर्जा उजेडाच्या रूपानं टाकतात. उजेड जितका, तितके किरण. विस्कॉन्सिनचे फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी १९५० च्या सुमारास लिथियम फ्लुओराइड घेऊन हे मापाचं साधन होऊ शकतं हे दाखवलं आणि त्याच विद्यापीठात जॉन कॅमेरॉन यांनी साठीच्या दशकात ते पक्कं केलं. हिरोशिमा-नागासाकीत पडलेल्या विटा आणि कौलं तापवून, तिथल्या माणसांना किती किरण लागले असतील याचा अंदाज जपानी संशोधकांनी घेतला तो याच तत्त्वावर. भिंतीलाही आठवण असते हे त्यातून सिद्ध झालं.

कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम किंवा थुलियम घातलं की ते फार संवेदनशील होतं, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीला जपानच्या यामाशिता आणि सहकाऱ्यांनी मांडलं. तुर्भ्याला के. एस. व्ही. नंबी, व्ही. एन. बापट आणि ए. के. गांगुली यांनी एकामागून एक दुर्मिळ मूलद्रव्यं कॅल्शियम सल्फेटमध्ये घालून कुठलं कसं चमकतं ते तपासलं. त्यांचा निबंध १९७४ चा आहे. निवड डिस्प्रोशियमवर पक्की झाली. कृती वाचायला सोपी आणि करायला चिकाटीची: कॅल्शियम सल्फेट आणि डिस्प्रोशियमचा ऑक्साइड गरम, तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचा, आम्ल सावकाश उडवून स्फटिक होऊ द्यायचे, धुऊन ७०० अंशाला भाजायचे, दळून ठरावीक चाळणीतून गाळायचे, एका भागाला तीन भाग टेफ्लॉन घालून चकती दाबायची. आम्लाच्या वाफा आवरणं हेच यातलं सर्वांत त्रासाचं काम. १९७५ पासून फिल्म बॅज जाऊन देशात ही चकती येऊ लागली. लिथियम फ्लुओराइड आयात करण्यापेक्षा ती स्वस्त पडे आणि इथेच बनत होती.

तिच्यात एक खोट होती, ती लपवण्यात अर्थ नाही. कॅल्शियम आणि गंधक हे शरीरातल्या कार्बन, ऑक्सिजनपेक्षा जड. त्यामुळे एक्स-रेच्या मऊ किरणांना, ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, ही भुकटी शरीराच्या सुमारे दहापट दाद देते. म्हणून तर तीन चकत्या. डबीत पहिलीवर तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दुसरीवर प्लॅस्टिक, तिसरी उघडी. तिघींचे उजेड एकमेकींशी ताडले की किरण कुठल्या जातीचे आणि खरी मात्रा किती ते निघतं. क्विम्बींच्या फिल्मवरची युक्ती पन्नास वर्षांनी चकतीच्या कामी आली.

या भुकटीची कथा विदर्भातही घडली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. व्ही. मोहरील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्प्रोशियम घातलेलं कॅल्शियम सल्फेट नेमकं का चमकतं, इलेक्ट्रॉन कुठे अडकतात, कसे सुटतात यावर निबंध लिहिले. पुढे अमरावती विद्यापीठात एस. के. ओमनवार यांच्या गटानं अशाच चमकणाऱ्या पदार्थांवर काम केलं. कामरगावच्या तंत्रज्ञाच्या छातीवरच्या चकतीबद्दलचं ज्ञान नागपुरात आणि शेजारच्या अमरावतीत तयार होत होतं. वऱ्हाडातल्या बी.एस्सी.च्या मुलांना हे वर्गात सांगायला हवं.

तिमाही संपली की कार्ड टपालानं प्रयोगशाळेत जातं. तिथे वाचकयंत्रात सुमारे २८५ अंशाचा नायट्रोजन वायू चकतीवर सोडतात. काही सेकंदांत इलेक्ट्रॉन सुटतात, निळसर-पिवळा उजेड निघतो आणि प्रकाशमापक त्याचा आकडा करतो. वाचलं की चकती कोरी. पुन्हा भाजून, नव्या कागदात गुंडाळून ती दुसऱ्या कुणाच्या छातीवर जाते. फिल्म निदान कपाटात राहत असे, शंका आली तर वीस वर्षांनी काढून पाहता येई. चकतीची गोष्ट एकदाच सांगून होते. उरतो तो नोंदवहीतला आकडा. म्हणून भाभा केंद्रात ठेवलेली राष्ट्रीय मात्रानोंद, जिच्यात प्रत्येक कामगाराचा स्वतंत्र क्रमांक आणि जन्मभराची बेरीज असते, ती या सगळ्या खटाटोपाचा खरा गाभा आहे असं मला वाटतं.

कारण थोड्या मात्रेचं नुकसान एका माणसात दिसतच नाही. एक्स-रे विभागात नीट काम करणाऱ्या बहुतेकांची वर्षाची मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत असते. निसर्गातूनच, जमिनीतून, आकाशातून, श्वासातल्या रेडॉनमधून, माणसाला जगभर सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तीस वर्षं नोकरी केलेल्या तंत्रज्ञाला कर्करोग झाला तर तो नोकरीनं झाला की तंबाखूनं की नुसत्या वयानं, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. दिसतं ते हजारोंची मोजदाद केल्यावर. अमेरिकेचे हर्मन मार्च यांनी १९४४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातल्या डॉक्टरांच्या मृत्युवार्ता वर्षानुवर्षांच्या काढून वाचल्या आणि किरणतज्ज्ञांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण इतर डॉक्टरांच्या सुमारे दहापट निघालं. ब्रिटनमध्ये स्मिथ आणि डॉल यांनी १९८१ मध्ये दाखवलं की १९२१ च्या आधी व्यवसायात आलेल्या किरणतज्ज्ञांत कर्करोगाचे मृत्यू इतर डॉक्टरांपेक्षा ७५ टक्के जास्त होते. २००१ मध्ये त्याच मालिकेचा शंभर वर्षांचा हिशेब पुरा झाला, तेव्हा १९५४ नंतर आलेल्यांत असा वाढावा आढळला नाही. नियम, अंतर, शिसं आणि बॅज यांनी माणसं वाचवली याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

मग आताची थोडी मात्रा निर्धोक आहे का? फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३ लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या बॅजच्या नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ आणि २०२३ मध्ये आले. मात्रा वाढते तसा (रक्ताचे कर्करोग सोडून इतर) कर्करोगानं मरण्याचा धोका वाढतो, ग्रे या मात्रेच्या एककामागे ५२ टक्के. याच सरळ रेषेनं खाली आलं तर नोकरीभरात मिळून २० मिलिग्रे लागलेल्या माणसाचा धोका साधारण १ टक्क्यानं वाढतो, म्हणजे शंभर होते तिथे एकशे एक. घाबरून नोकरी सोडावी असा हा आकडा नाही आणि दुर्लक्ष करावं असाही नाही. केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर, थोरियमच्या वाळूत राहणाऱ्या सुमारे ७० हजार लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००९ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात कर्करोगाचा वाढावा दिसला नाही. तेही बाजूला सारून चालणार नाही. शास्त्रज्ञांत यावर खरा मतभेद आहे. नियम करणाऱ्यांनी सावधगिरीची बाजू घेतली आहे आणि ती मला रास्त वाटते, कारण चूक झालीच तर ती भोगणारा नियम करणारा नसतो.

एका अवयवाबाबत मात्र मत बदलावं लागलं. डोळ्यातलं भिंग पूर्वी बरंच सोशीक समजत. हृदयाच्या झडपा आणि रक्तवाहिन्यांचे उपचार पडद्यावर बघत करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांत भिंगाचा मागचा भाग धुरकट झालेला आढळू लागला आणि आंतरराष्ट्रीय समितीनं २०११ मध्ये भिंगाची मर्यादा वर्षाला १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणली. छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत लावलेला बॅज डोळ्याचं काही सांगत नाही. म्हणून अशा कामात गळ्यापाशी, अ‍ॅप्रनच्या बाहेर आणखी एक, आणि बोटात अंगठीसारखा चकतीचा मापक घालतात.

हे मोठ्या शहरातल्या कॅथलॅबपुरतं नाही. सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना हाडं पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र, आता तालुक्याच्या अस्थिरुग्णालयांतही आलं आहे. किरण येतात ते मुख्यतः रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले, आणि टेबलापाशी सर्वांत जवळ उभे असतात ते ओटीतले मदतनीस आणि परिचारिका. एक पाऊल मागे सरकलं तरी मात्रा झपाट्यानं उतरते, कारण अंतर दुप्पट झालं की ती चौथाई होते. छोट्या रुग्णालयांत बॅज असतो तंत्रज्ञाला, कधी डॉक्टरला. मदतनिसाला बहुधा नसतो. रडणाऱ्या मुलाचा फोटो काढायचा तर त्याला धरायला हाक त्यालाच जाते. अणुऊर्जा नियामक मंडळाची भूमिका स्पष्ट आहे: शक्य तर पट्ट्यांनी धरून ठेवा, माणूस लागलाच तर नातेवाइकाला अ‍ॅप्रन देऊन उभं करा, रोज तिथे असणाऱ्या कर्मचाऱ्याला नको.

बॅज जिथे दिला आहे तिथेही तो अ‍ॅप्रनसोबत खोलीतल्या खुंटीला लटकलेला दिसतो. मग तो माणसाची मात्रा सांगत नाही, खुंटीची सांगतो. आकडा भलताच वाढला की चौकशीचं पत्र येतं, आणि त्या भीतीनं काही जण तो उलट टेबलाच्या खणात ठेवून देतात. दोन्ही रीतींनी कामगाराची स्वतःची नोंद बिघडते. असंच कंट्रोल बॅजचं. प्रत्येक संस्थेला एक जादा बॅज येतो, कुणी घालायचा नसतो; तो किरणांपासून दूर, कार्यालयाच्या कपाटात ठेवायचा, म्हणजे प्रवासात आणि निसर्गातून किती आलं ते त्यावरून वजा करता येतं. तो एक्स-रेच्या खोलीतच राहिला तर त्याच्यावर चढलेली मात्रा सगळ्यांच्या आकड्यांतून वजा होते आणि अहवालात सगळे शून्यावर येतात. शून्य बघून सगळ्यांना बरं वाटतं.

अहवाल संस्थेच्या नावानं येतो आणि फायलीला लागतो. कंत्राटावर लागलेली मुलगी अकरा महिने एका ठिकाणी, पुढे दुसऱ्या जिल्ह्यात, मग खासगी सेंटरवर. तिचा मात्रानोंदीतला क्रमांक कामाची जागा बदलली तरी तोच राहायला हवा. नव्या ठिकाणी तो सांगितला नाही तर तिच्या नावानं दुसरं खातं उघडतं आणि बेरीज तुटते. दिवस राहिल्याचं तिनं कळवलं की त्या दिवसापासून पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि तिच्या कामाची मांडणी त्याप्रमाणे बदलणं संस्थेवर बंधनकारक आहे. तोवर किती लागलं हे सांगणारा कागद मागायचा तिला हक्क आहे, २००४ च्या किरणसंरक्षण नियमांनी दिलेला. वॅग्नर आपली प्लेट रोज संध्याकाळी स्वतः धुऊन पाहत. आजच्या तंत्रज्ञाला आपला आकडा तीन महिन्यांनी, दुसऱ्याच्या टेबलावरच्या फायलीत बघावा लागतो, आणि पुष्कळ जणांनी तो कधीच पाहिलेला नसतो.